बल्गेरियाच्या मैदानी तोफा नेहमी दुसऱ्यांच्याच का?

रानवाट

नमस्कार मंडळी,

गेल्या वसंतात कामानिमित्त सोफियाला चार दिवस राहणे झाले आणि एक अख्खी दुपार तिथल्या राष्ट्रीय लष्करी इतिहास संग्रहालयात घालवता आली. इमारतीबाहेरच्या मोकळ्या आवारात तोफा मांडून ठेवलेल्या आहेत. एका जुन्या तोफेच्या नळीच्या मागच्या टोकाशी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे कोरलेली दिसली; ती जर्मनीतल्या क्रुप कारखान्याची खूण. तिच्यापासून थोड्या अंतरावर फ्रान्सच्या श्नायडरची तोफ होती आणि आणखी पुढे रशियन बनावटीच्या तोफा. मी प्रत्येक तोफेपाशी वाकून अक्षरे वाचत हिंडलो, पण बल्गेरियन ओतशाळेचे नाव मला एकाही तोफेवर सापडले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. 1885 मध्ये सर्बियाशी, 1912 मध्ये ऑटोमन साम्राज्याशी, 1915 पासून फ्रान्स आणि ब्रिटनशी, 1945 मध्ये जर्मनीशी, अशी एवढी युद्धे या लहानशा देशाने साठ वर्षांत लढली आणि प्रत्येक वेळी तोफ परक्याची होती. इतकेच नव्हे, तर ज्याने तोफ विकली तोच पुढे समोरच्या खंदकात उभा ठाकला. बल्गेरियन पायदळाच्या 'ना नोझ', म्हणजे 'संगिनीवर घ्या', या आरोळीचे कौतुक सगळीकडे वाचायला मिळते. मात्र त्या पायदळाच्या मागे उभ्या असलेल्या गोलंदाजाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दर पिढीला नव्या देशाची तोफ शिकून घेणाऱ्या या माणसाने ते कसे निभावले असेल? आणि परक्या तोफांवर विसंबणे ही त्या देशाची कमजोरी होती की शहाणपण? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शमीवृक्ष

विषय फार आवडला. वाचते आहे.

देवळालीकर

रानवाट, मी आयुष्याची बरीच वर्षे तोफखान्यात काढली आहेत आणि त्यातला काही काळ देवळालीच्या तोफखाना प्रशालेत शिकवण्यात गेला आहे, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

पहिल्यांदा एक दुरुस्ती सुचवतो. 'ज्याने तोफ विकली तोच समोर आला' हे 1885 ला लागू पडत नाही. त्या वेळी बल्गेरियाला तोफा नव्हे, माणसे सोडून गेली होती. 1878 मध्ये देश ऑटोमन साम्राज्यांतर्गत स्वायत्त झाल्यावर त्याचे सैन्य रशियन अधिकाऱ्यांनी उभे केले आणि वरच्या सगळ्या जागाही त्यांच्याकडेच होत्या. 1885 च्या सप्टेंबरात बल्गेरियाने पूर्व रुमेलियाशी एकीकरण जाहीर केले. ते झारला रुचले नाही आणि त्याने आपले अधिकारी माघारी बोलावले. नोव्हेंबरात सर्बियाने हल्ला केला, तेव्हा बल्गेरियन सैन्यात कॅप्टनच्या वर फारच थोडे लोक उरले होते. म्हणूनच त्या युद्धाला 'जनरलांविरुद्ध कॅप्टनांचे युद्ध' म्हणतात. 17 ते 19 नोव्हेंबर या तीन दिवसांत स्लिव्हनित्सा येथे ते कॅप्टन जिंकले.

त्या विजयात तोफांचा वाटा मोठा होता. सर्बियाच्या तोफा पितळी मिश्रधातूच्या, ला हित पद्धतीच्या, तोंडातून ठासायच्या होत्या. बल्गेरियाकडे मागून भरायच्या पोलादी क्रुप तोफा होत्या. ठासणीच्या तोफेत प्रत्येक बारानंतर गोलंदाजाला नळीच्या तोंडाशी यावे लागते, म्हणजेच शत्रूच्या नजरेत यावे लागते. मागून भरणारा गडी तोफेच्या आडोशाला राहतो, शिवाय पोलादी नळी जास्त दाब सोसत असल्यामुळे पल्ला आणि अचूकपणा दोन्ही वाढतात.

पाटीपेन्सिल

1885 च्या आधी थोडे मागे जायला हवे, कारण बल्गेरियन माणसाने स्वतःच्या हाताने केलेली तोफ खरोखरच अस्तित्वात होती. ती लाकडाची होती.

एप्रिल 1876 च्या उठावात कोप्रिव्हश्तित्सा, पानाग्युरिश्ते, क्लिसुरा, ब्रात्सिगोवो या गावांतील लोकांकडे ऑटोमन सैन्याला तोंड देण्यासाठी एकही तोफ नव्हती. त्यांनी चेरीच्या झाडांची खोडे आतून पोखरली, काहींच्या पोकळीत तांब्याचे अस्तर बसवले आणि बाहेरून लोहाराकडून लोखंडी कड्या ठोकून घेतल्या. कोप्रिव्हश्तित्साच्या सहलीत मी अशी एक तोफ अगदी हातभर अंतरावरून पाहिली. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती निवताना लाकूड आवळून धरते, हुबेहूब तशाच त्या कड्या वाटल्या. कड्यांच्या मधल्या जागेत खोडाला उभ्या भेगा पडलेल्या होत्या. त्या भेगांकडे पाहताना ही तोफ डागणाऱ्या माणसाच्या काळजाचा विचार मनात आला, कारण अशा काही तोफा पहिल्याच बाराला फुटल्या. युद्धाच्या हिशेबात त्यांचा उपयोग नगण्य झाला. उठाव अत्यंत क्रूरपणे चिरडला गेला, आणि त्या अत्याचारांच्या बातम्या युरोपभर पोहोचल्यानंतर वर्षभरात रशिया युद्धात उतरला.

बल्गेरियन लोक या तोफेला 'चेरेशोवो तोपचे' म्हणतात. त्यांच्या भाषेत 'तोप' म्हणजे तोफ आणि 'तोपचे' म्हणजे छोटी तोफ.

शब्दवेल्हाळ

पाटीपेन्सिल यांनी दिलेला शब्द वाचून अतिशय आनंद झाला. आपली 'तोफ' आणि त्यांची 'तोप' या सख्ख्या बहिणी आहेत. मूळ तुर्की शब्द 'तोप'. तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि ऑटोमन राजवटीच्या वाटेने बाल्कनमध्ये गेला. बल्गेरियनमध्ये गोलंदाजाला 'तोपचिया' असा जुना शब्द आहे, आपल्याकडे 'तोपची' आहे. बंदुकीच्या दारूला ते 'बारुत' म्हणतात, आपण 'बारूद' म्हणतो. इस्तंबूलमध्ये 'तोपहाने' नावाचा भाग आहे. जुन्या ओतशाळेवरून पडलेले ते नाव म्हणजे आपला 'तोफखाना'च होय.

रानवाट

देवळालीकर साहेब, दुरुस्ती मान्य आहे. 1885 मध्ये तोफा होत्या आणि शिकवणारे निघून गेले होते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. शब्दवेल्हाळ, संग्रहालयातल्या पाट्यांवर मला 'ओरुदिये' हा शब्द दिसत होता, त्यामुळे 'तोप' तिथे आहे याची कल्पनाच आली नव्हती.

पाटीपेन्सिल यांच्या 'धाव' या शब्दावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. क्रुपच्या खुणेतली तीन वर्तुळे तोफेच्या नळीची तोंडे नाहीत. ती रेल्वेच्या चाकांवर चढवायच्या पोलादी धावा आहेत, कारण सांधा नसलेली धाव बनवण्याच्या कसबातून त्या कारखान्याचे नाव झाले होते. चेरीच्या खोडावर गावच्या लोहाराने चढवलेली धाव आणि पोलादी तोफेवर कोरलेली धाव यांच्यात बल्गेरियाची जेमतेम दहा वर्षे गेली.

अरण्यक

माझे मत वेगळे आहे. परक्या तोफा घेणे ही कमजोरी नव्हती. शेतीवर जगणाऱ्या, पोलादाची भट्टी नसलेल्या देशाने स्वतःची तोफ ओतायचा हट्ट धरला असता, तर 1912 मध्ये तो दुय्यम तोफा घेऊन रणात उतरला असता. त्याऐवजी त्यांनी बाजारातली उत्तम वस्तू निवडली. 1904 साली श्नायडरकडे 75 मिलिमीटरच्या शीघ्रमारी तोफांची मागणी नोंदवली, चार-चार तोफांच्या 81 बॅटऱ्या (तोफखान्याच्या तुकड्या), म्हणजे एकंदर 324 तोफा. नऊ डिव्हिजन, प्रत्येकीला एक रेजिमेंट आणि प्रत्येक रेजिमेंटमध्ये नऊ बॅटऱ्या, असा हा सरळ हिशेब होता. 1912 मध्ये बल्गेरियाने जवळजवळ 6 लाख माणसे आणि 1,100 च्या वर तोफा उभ्या केल्या. एवढ्या लहान देशाच्या मानाने हे आकडे थक्क करणारे आहेत.

मीनल_

अरण्यक, आकडे बरोबर आहेत, पण 'निवडली' हा शब्द मला पुरता पटत नाही. 1904 ची ती खरेदी फ्रेंच बँकेच्या कर्जाशी बांधलेली होती. पैसे पॅरिसहून हवे असतील तर तोफाही फ्रान्सच्याच घ्याव्या लागणार, असा तो व्यवहार होता. श्नायडरची तोफ उत्तम होती, हे बल्गेरियाचे नशीब. कर्ज दुसऱ्या राजधानीतून मिळाले असते, तर तोफही दुसरी आली असती. बाल्कनमधल्या त्या काळच्या शस्त्रखरेदीत तोफखान्याच्या अधिकाऱ्यांच्या मताबरोबर सावकाराच्या मतालाही वजन होते.

अरण्यक

मीनलताई, कर्जाचा मुद्दा मान्य. तरीही त्या 324 तोफांनी काय केले ते पाहावे, एवढेच म्हणतो.

जिज्ञासू७७

शीघ्रमारी तोफ म्हणजे नेमके काय? जुनी क्रुपही मागून भरायचीच होती ना?

देवळालीकर

फार योग्य प्रश्न. बार उडाला की गोळा जितक्या जोराने पुढे जातो तितकाच धक्का तोफेला मागे बसतो. जुन्या 87 मिलिमीटर क्रुप तोफेत नळी गाड्याला पक्की बसवलेली असे. त्यामुळे प्रत्येक बाराला चाकांसकट अख्खा गाडा मागे सरके, मग गोलंदाज खांदे लावून तो पुन्हा जागेवर आणत आणि नेम नव्याने धरावा लागे. शीघ्रमारी तोफेत नळी एका पाळण्यात बसवलेली असते. बार उडाला की फक्त नळी मागे घसरते, पाळण्याखालच्या नळकांड्यातले द्रव तिचा जोर खाऊन टाकते आणि नळी आपोआप पूर्वजागी येते. गाडा हलत नाही. नेम धरणाऱ्याला दुर्बिणीवरचा डोळा काढावा लागत नाही. त्यातच गोळा आणि दारू एकाच काडतुसात जोडलेले असतात, म्हणून तरबेज तुकडी मिनिटाला पंधराच्या आसपास बार उडवू शकते.

याचे दोन परिणाम झाले. गाडा स्थिर राहिल्यामुळे गोलंदाजांना तोफेजवळच बसून राहता येऊ लागले, म्हणून पुढे पोलादी ढाल लावता आली. आणि पूर्वी सहा किंवा आठ तोफा जे काम करत ते चार तोफा करू लागल्या, म्हणून बॅटरी चार तोफांची झाली. अरण्यक यांनी दिलेल्या आकड्यातल्या 'चार-चार' मागचे कारण हेच आहे.

माझ्या उस्तादांनी शिकवलेली एक गोष्ट मात्र इथे सांगितलीच पाहिजे. तोफ जितकी वेगाने मारा करते तितक्याच वेगाने ती गोळे खाते. म्हणून शीघ्रमारी तोफ विकत घेतली की तिच्यामागे येणारी गाड्यांची रांग आधी पाहायची.

कृष्णाकाठ

देवळालीकर काकांच्या शेवटच्या वाक्याला थ्रेसच्या मोहिमेचा दाखला जोडतो.

ऑक्टोबर 1912 मध्ये ऑटोमन साम्राज्याशी झालेल्या युद्धात थ्रेसमधले, म्हणजे इस्तंबूलच्या पश्चिमेच्या प्रदेशातले, लोझेनग्राद शहर बल्गेरियाच्या हातात आले. त्यानंतर 28 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर या काळात ल्युले बुरगास ते बुनारहिसार या फळीवर घनघोर लढाई झाली. दोन्ही बाजूंची प्रत्येकी 20,000 च्या वर माणसे मेली किंवा जखमी झाली. तिथे बल्गेरियन शीघ्रमारी तोफांनी पायदळाच्या अगदी निकट राहून मारा केला आणि ऑटोमन फळी मोडली. व्लादिमिर वाझोव या लढाईत एका शीघ्रमारी तोफखाना रेजिमेंटचे प्रमुख होते. हे नाव पुढे पुन्हा येईल.

खरी अडचण विजयानंतर आली. ऑटोमन सैन्य राजधानीकडे पळत होते आणि पाठलाग करायचा तर तोफा पुढे न्यायला हव्या होत्या. पावसाने थ्रेसच्या रस्त्यांचा चिखल झाला होता आणि बल्गेरियन सैन्याची बहुतेक रसद बैलगाड्यांवर चालत होती. ज्याने काळ्या रानातून जुलैत भरली गाडी हाकली आहे, त्याला बाकीचे सांगायला नको. चाक आसापर्यंत रुतते, बैल गुडघे टेकतात आणि गाडी रिकामी करून गोणी एकेक करून डोक्यावरून काढाव्या लागतात. गोणीच्या जागी तोफगोळ्यांच्या पेट्या कल्पून पाहाव्यात. मिनिटाला पंधरा गोळे खाणारी फ्रेंच तोफ पुढे आणि तासाला कोसभर सरकणारा बैल मागे, अशी ही फौज होती. पाठलाग रेंगाळला आणि ऑटोमन सैन्याला राजधानीजवळच्या चटाल्जाच्या तटबंदीत सावरायला वेळ मिळाला.

17 आणि 18 नोव्हेंबरला चटाल्जावर हल्ला झाला. सकाळी धुके होते, ऑटोमन तोफा नीट दडवलेल्या होत्या, त्यामुळे बल्गेरियन गोलंदाजांना लक्ष्यच दिसत नव्हते. फळीची दोन्ही टोके समुद्राला भिडलेली असल्यामुळे युद्धनौकांच्या तोफाही त्यांच्यावर चालत होत्या. त्यात सैन्यात पटकी पसरलेली. दोन दिवसांत सुमारे 12,000 माणसे गमावून हल्ला थांबवावा लागला.

शमीवृक्ष

कृष्णाकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लढाईच्या इतिहासात बैलांची नोंद कोणी घेत नाही, ती तुम्ही घेतलीत.

पाटीपेन्सिल

चटाल्जाच्या अपयशानंतर चार महिन्यांनी ओड्रिन, म्हणजे एडिर्ने, पडले आणि बल्गेरियन तोफखान्याच्या इतिहासातले ते सर्वांत गाजलेले पान आहे. जर्मन तंत्राने मजबूत केलेल्या किल्ल्यांचे कडे शहराभोवती होते, तिथले ऑटोमन सेनापती शुक्री पाशा होते आणि वेढा कित्येक महिने चालला होता. सर्बियाने मदतीला सैन्य आणि वेढ्याच्या जड तोफा पाठवल्या होत्या. पूर्वेकडची बाजू जनरल गेओर्गी वाझोव यांच्याकडे होती. ते व्लादिमिर यांचे थोरले बंधू. 24 मार्च 1913 रोजी मारा सुरू झाला आणि 26 तारखेला शुक्री पाशांनी शरणागती पत्करली. तोफांच्या माऱ्याची फळी पुढे सरकत राहिली आणि पायदळ तिच्या पाठोपाठ चालत गेले. हा जगातला पहिला सरकता तोफमारा होता, असे बल्गेरियात अभिमानाने सांगितले जाते.

देवळालीकर

या 'पहिला' शब्दाबद्दल जपून बोलावे असे मला वाटते. 1916 नंतर पश्चिम आघाडीवर ज्याला सरकता मारा म्हणू लागले, त्यात घड्याळ लावून ठरावीक मिनिटांनी ठरावीक अंतर मारा पुढे नेत. ओड्रिनला पायदळाच्या पुढे पुढे मारा सरकवण्याची कल्पना नक्कीच होती, पण ती मिनिटा-मीटरांच्या कोष्टकात बांधलेली पद्धत नव्हती. बीज तिथे होते, असे म्हणणे मला योग्य वाटते. ते बीज लहानशा देशाच्या गोलंदाजांनी पेरले, हे त्यांचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये.

पाटीपेन्सिल

काका, 'बीज' हा शब्द मी स्वीकारते.

मीनल_

आता रानवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण 1915 मध्ये तो खरोखर उभा राहिला. ऑक्टोबरात बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला आणि एका दिवसात त्याच्या शीघ्रमारी मैदानी तोफा शत्रूदेशाच्या झाल्या. सुटे भाग, गोळे, दुरुस्तीची माहिती, या सगळ्याचा मूळ झरा फ्रान्समध्ये होता. पुढची तीन वर्षे बल्गेरियन गोलंदाज फ्रेंच तोफांनी फ्रेंच खंदकांवर मारा करत होते आणि नव्या तोफा, जड उखळी तोफा, दारूगोळा यांसाठी जर्मनीकडे पाहत होते.

1916 च्या सप्टेंबरात डॅन्यूबकाठचे तुत्राकान त्यांनी पाच दिवसांत घेतले आणि सुमारे 28,000 रुमेनियन सैनिक कैद झाले. तिथे जनरल पांतेलेय किसेलोव यांनी किल्ल्यांवर आधी तोफांचा मारा एकवटला आणि मगच पायदळ सोडले. चटाल्जाला लक्ष्य न दिसताच हल्ला झाला होता. तो धडा हे लोक विसरले नव्हते.

कृष्णाकाठ

आता व्लादिमिर वाझोव पुन्हा येतात. ग्रीसच्या सीमेवरच्या दोइरान सरोवराच्या पश्चिमेच्या टेकड्यांवर नववी प्लेव्हेन डिव्हिजन होती आणि 1917 पासून तिचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. माणूस मुळात तोफखान्याचा, म्हणून त्यांनी संरक्षणाची आखणी तोफेच्या नजरेने केली. बटालियनांसाठी काँक्रीटचे आसरे, खंदकांच्या अनेक रांगा आणि शत्रू ज्या घळींतून चढून येईल त्या घळींवर आधीच मोजून ठेवलेला मारा, अशी ती रचना होती. एप्रिल 1917 मध्ये ब्रिटिशांनी सुमारे 1 लाख गोळे टाकून हल्ला केला, तो फसला. 18 आणि 19 सप्टेंबर 1918 ला ब्रिटिश आणि ग्रीक सैन्याने विषारी वायूचे गोळेही वापरले, तरी ती फळी तुटली नाही. हल्लेखोरांची सुमारे 7,000 माणसे पडली.

आणि तरीही वाझोव यांना ती जागा सोडावी लागली. त्याच दिवसांत पश्चिमेला दोब्रो पोले येथे फ्रेंच आणि सर्बियन सैन्याने आघाडी फोडली होती. न हरलेल्या माणसांना माघारीचा हुकूम मिळाला आणि 29 सप्टेंबरला युद्धविराम झाला. ज्या टेकड्या दीड वर्ष राखल्या, त्यांवरून तोफा उतरवताना त्या गोलंदाजांच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो. वाझोव पुढे सोफियाचे महापौर झाले. 1936 साली ते लंडनला गेले, तेव्हा दोइरानला त्यांच्याशी लढलेल्या ब्रिटिश माजी सैनिकांनी त्यांचा सन्मान केला.

जिज्ञासू७७

समोरच्याने केलेला सन्मान! याहून मोठे पदक कोणते?

अरण्यक

पहिल्या महायुद्धानंतर 1919 च्या नेयीच्या तहाने बल्गेरियाचा जड तोफखाना काढून घेतला आणि सैन्य 20,000 स्वयंसेवकांवर आणून ठेवले. 31 जुलै 1938 च्या सलोनिका कराराने बंधने उठली आणि मग तोफा जर्मनीकडून येऊ लागल्या. जर्मनीने 1939 मध्ये चेकोस्लोव्हाकिया गिळल्यानंतर तिथल्या तोफाही त्याच मार्गाने आल्या. सप्टेंबर 1944 मध्ये बल्गेरियाने बाजू बदलली. मार्च 1945 मध्ये हंगेरीत द्राव्हा नदीकाठी जनरल व्लादिमिर स्तोयचेव यांच्या पहिल्या सैन्याने जर्मन हल्ला परतवला, त्या वेळी त्यांच्या बऱ्याच तोफा जर्मनांनीच दिलेल्या होत्या.

इथे माझे सुरुवातीचे मत मी बदलतो. बाजारातली उत्तम तोफ घेणे शहाणपणाचे होते, पण ते शहाणपण विकणाऱ्याशी मैत्री असेपर्यंतच पुरते. मीनलताईंचे म्हणणे बरोबर होते.

देवळालीकर

गोलंदाजाच्या बाजूने एक सांगतो. तोफ बदलली तरी गणित बदलत नाही. वारा, उंची, दारूचे तापमान, लक्ष्याचे अंतर हे सगळे फ्रेंच तोफेलाही लागते आणि जर्मन तोफेलाही. कुलूप, म्हणजे नळीचे मागचे झाकण, कोणत्या बाजूला उघडते आणि दुर्बिणीवरच्या खुणा कशा वाचायच्या, हे आठवड्यात हातात बसते. अनोळखी तोफेवर पहिल्या दिवशी जवानांचे हात अडखळतात आणि आठव्या दिवशी ते डोळे मिटून कुलूप उघडतात, हे मी स्वतः पाहिले आहे. बल्गेरियन गोलंदाजांनी साठ वर्षांत हेच वारंवार केले असणार. रानवाट, 'कसे निभावले' याला माझे उत्तर हे आहे: त्यांनी मारा शिकून घेतला होता, तोफ ही त्याच्या नंतरची गोष्ट.

मीनल_

काका, पण गणित अवगत असले तरी गोळा लागतोच.

देवळालीकर

अगदी खरे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाटीपेन्सिल

गोळ्यावरून आठवले. 1878 मध्ये रुसे येथे तोफखान्याची कार्यशाळा निघाली, ती 1891 मध्ये सोफियाला आणि 1924 मध्ये कझानलाकला हलवली गेली. कझानलाक म्हणजे गुलाबाच्या अत्तरासाठी प्रसिद्ध असलेले खोरे. तो कारखाना आजही तिथे आहे. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, सोव्हिएत काळात, 122 मिलिमीटरची 'ग्वोझ्दिका' ही साखळीपट्ट्याच्या गाडीवर बसवलेली, स्वतः चालत जाणारी तोफ परवान्यावर बल्गेरियातच तयार होत असे. आराखडा सोव्हिएत, पण हात बल्गेरियन.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. पाटीपेन्सिल, तुमचा प्रतिसाद वाचून फोनमधले त्या दुपारचे सगळे फोटो पुन्हा उघडले. मी आवारातल्या चाकांच्या तोफांपाशीच वाकून अक्षरे वाचत होतो. साखळीपट्ट्याच्या गाड्यांकडे पाठ करून उभा होतो. एका फोटोच्या कडेला तशा एका गाडीचा मागचा भाग आला आहे, पण पाटी चौकटीबाहेर राहिली आहे. पुढच्या महिन्यात माझा एक सहकारी सोफियाला जातो आहे. त्याला ती पाटी वाचून यायला सांगितले आहे. ती वाचून आला की इथेच लिहितो.